बेपत्ता जवानाचं नाव दगडावर कोणत्या मथळ्याखाली कोरायचं?

जोंधळा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सल्ला हवा आहे आणि थोडी घाई आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाच्या वेळची संगमरवरी पाटी आहे. गावातून किती माणसं लढाईवर गेली आणि त्यातली किती मेली, असे दोन आकडे तिच्यावर आहेत. नाव एकाचंही नाही. आता तरुण मंडळाने नवीन स्मारक करायला घेतलंय. काळा ग्रॅनाइट, वर मथळा 'शहीद जवान', खाली सहा नावं. सहावं नाव माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचं. आम्ही त्यांना बापूआजोबा म्हणतो, पाहिलेलं आमच्यापैकी कोणीच नाही.

ते सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलात होते. १९६२ साली नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, नामका चू नदीच्या काठी. २० ऑक्टोबरला पहाटे चिन्यांचा हल्ला झाला, त्यानंतर त्यांना कोणी पाहिलं नाही. तार आली ती इंग्रजीत. वाचून दाखवायला शाळेचे हेडमास्तर आले. 'मिसिंग' म्हणजे काय, तर "सापडत नाहीत" असं त्यांनी सांगितलं. धाकटी आजी तेव्हा एकोणीस वर्षांची, दाराआड उभी होती. तिने आतूनच विचारलं, "मग शोधतायत ना?"

पुढच्या मे महिन्यात ब्रिगेडियर दळवी चीनच्या कैदेतून सुटून आले. त्याच ब्रिगेडचे बापूआजोबा. साहेब आले म्हणजे पाठोपाठ माणसंही येतील, असं गावाने धरलं. आली नाहीत.

आजी २००९ साली गेली. शेवटपर्यंत कुंकू लावायची. बापूआजोबांच्या फोटोला हार तिने कधी घालू दिला नाही. देव्हाऱ्याशेजारी गेलेल्या माणसांचे फोटो आहेत, तिथे तो नाही. तो ओसरीत, जिवंत माणसांच्या फोटोंत.

वडील म्हणतात नाव घालायचंच, इतक्या वर्षांनी गाव आठवण काढतंय. आत्या म्हणते, जे तिने जन्मभर कबूल केलं नाही, ते तिच्या माघारी आपण दगडावर कोरायचं? दगडवाला शनिवारपर्यंत मजकूर मागतोय. तुमच्या घरी, गावात असं कोणी असेल तर काय केलंत?

तिठा | सोमवार, रात्री ९:५८

वाचून गलबललं. नाव घाला एवढं नक्की. मथळ्याचं कळत नाही.

निवृत्त_सुभेदार | सोमवार, रात्री १०:३१

राम राम. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढली. 'मिसिंग' हा शब्द पलटणीत कसा ठरतो ते आधी सांगतो, म्हणजे घरच्यांच्या मनातला एक काटा तरी निघेल. कोणी हात झटकून लिहिलेला शब्द नसतो तो.

चकमक थांबली की पहिलं काम नफरी. प्रत्येक सेक्शन आपली माणसं मोजतं. जो कमी भरतो त्याच्याबद्दल त्याच्या डाव्या-उजव्या हाताच्या आपल्या जवानांना विचारतात. शेवटचा कुठे पाहिला, उभा होता की पडला होता, हाक दिली तर ओ दिली का. पडताना कोणी पाहिलं असेल आणि देह आणता आला नसेल, तर 'मिसिंग, बिलीव्ह्ड किल्ड' लिहितात. कोणीच काही पाहिलं नसेल तर नुसतं 'मिसिंग'. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी, साक्षी, कागद. पण नामका चूला सांगायला शेजारचा जवानच उरला नव्हता. १९६२ च्या लढाईचा सरकारी आकडा आहे : १,३८३ ठार, १,६९६ बेपत्ता. ठार झाले त्यांच्यापेक्षा बेपत्ता जास्त. यावरून समजून घ्या तिथे काय झालं असेल.

आमचा एक पोरगा बर्फात गेला होता. संध्याकाळच्या गिनतीत एक कमी. नवव्या दिवशी सापडला. ते नऊ दिवस लंगरमध्ये त्याचा मग खुंटीला होता. कोणी काढला नाही आणि कोणी त्यात चहाही प्यायला नाही. कोणी हुकूम दिला नव्हता. देह मिळाल्यावर मग मीच काढला. म्हणून तुमच्या आजीचं मला नवल वाटत नाही. आम्ही गडी माणसं नऊ दिवस जे करत होतो, ते त्यांनी सत्तेचाळीस वर्षं केलं.

बखरवाला | सोमवार, रात्री ११:१५

जोंधळा, तुमच्या आजीच्या आधी दोनशे वर्षं हेच एका घरात झालं. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते दिसेनासे झाले. देह मिळाल्याच्या, अग्नी दिल्याच्या वार्ता आल्या, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी त्या मानल्या नाहीत. त्या सौभाग्यवतीच राहिल्या. आणि पेशव्यांच्या घराण्यानेही त्यांना तसं राहू दिलं, हे मला जास्त मोठं वाटतं. त्या काळात विधवेच्या वाट्याला काय यायचं ते आठवा.

या न संपलेल्या वाट बघण्याचा दुसरा भागही आहे. भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला. नुसता उभा राहिला नाही, किल्ले घेतले, माणसं त्याला मिळाली. १७७६ साली नाना फडणवीसांनी त्याला देहान्त दिला तेव्हा ते प्रकरण मिटलं. पानिपतावर गेलेल्या जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघाला होता. लोक भोळे होते म्हणून नव्हे. ज्याचं मरण कोणी पाहिलं नाही, त्याची जागा उघडी राहते आणि तिथे कोणीही येऊन बसू शकतं.

बखरीतल्या पत्रात "दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये खुर्दा किती गेला याची गणती नाही" असं आहे, ते आपण पाठ म्हणतो. यातलं 'हरवल्या' एकदा सावकाश वाचा. आणि 'गणती नाही' हेही. तुमच्या चावडीवरची आकड्यांची पाटी निदान गणती तरी करते.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ७:०५

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. बासष्ट साली जे बेपत्ता झाले ते आज हयात असते तरी नव्वदीच्या घरात. ते गेले आहेत हे जोंधळा यांनाही माहीत आहे, आत्यांनाही. मग 'शहीद' म्हणायला अडचण काय? त्या थंडीत, कापडी बुटांवर, मोजक्या गोळ्यांवर तो माणूस उभा राहिला. देह मिळाला नाही म्हणून बाकीच्या पाच जणांपेक्षा त्याला वेगळ्या ओळीत टाकणं हा त्याच्यावरच अन्याय. आजींच्या भावनेचा आदर आहे, पण दगड पुढच्या पोरांसाठी असतो.

सुईदोरा | मंगळवार, सकाळी ९:२०

रोखठोक दादा, तुमचा मुद्दा पटतो तरी पटत नाही.

माझा मामा नौदलाच्या 'खुकरी' जहाजावर होता. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. तिथे शंका घ्यायला जागा नव्हती. कागदावर 'बेपत्ता'चा घोळ नाही, सगळं स्पष्ट. तरी आजीला खात्री नव्हती. मामा पोहायला पट्टीचा, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आम्ही लहान होतो, आम्हाला वाटायचं कौतुक करतेय.

आईला मी दोन वर्षांपूर्वी दीवला घेऊन गेले. टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, समोर नुसता समुद्र. आई प्रतिकृतीकडे बघेचना. पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "इथून किनारा दिसतो गं." एवढंच. आजवर मी आईला धीट समजत आले, त्या दिवशी ती एकदम धाकटी बहीण झाली.

तर 'ते गेले आहेत हे माहीत आहे' म्हणजे नेमकं काय, हे मला अजून कळलेलं नाही. डोक्याला माहीत असतं.

अंगणवारा | मंगळवार, सकाळी ९:४४

सुईदोरा ताई 🙏

मी समुपदेशनात काम करते. याला आमच्याकडे स्वतंत्र नाव आहे, मराठीत 'अनिश्चित वियोग' म्हणता येईल. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांबरोबर काम करून हा विचार मांडला. त्यांचं म्हणणं असं की इथे दुःख पूर्ण होण्याची वाट बघू नये, ते पूर्ण होत नसतं. 'तो नाही' आणि 'तो येईल' ही दोन्ही वाक्यं एकाच घरात नांदू द्यावी लागतात. घरातला एक जण एक धरतो, दुसरा दुसरं, आणि भांडण लागतं. जोंधळा, तुमचे वडील आणि आत्या नेमके तिथे उभे आहेत. दोघांतलं कोणीही चुकत नाहीये.

फाइलबंद | मंगळवार, दुपारी १:१०

कायद्याची बाजू थोडक्यात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १०८ होतं : ज्यांना एरवी खबर लागली असती अशा लोकांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो माणूस हयात आहे हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यातही हा नियम तसाच आहे. लोकांना वाटतं सात वर्षांनी कायदा 'मेला' म्हणतो. कायदा मृत्यूची तारीख सांगत नाही, फक्त गृहीत धरू देतो.

युद्धकैद्यांचं वेगळं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैदी छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी आणि जिनिव्हाच्या मध्यवर्ती संस्थेला कार्ड लिहू द्यावं लागतं. जोंधळा, तुमच्या आजीला असं कार्ड आलं नव्हतं ना?

जोंधळा | मंगळवार, रात्री ८:५०

नव्हतं. रोज टपाल यायच्या वेळी ती ओट्यावर बसायची, हे मात्र मी स्वतः पाहिलंय. पोस्टमन तीन बदलले. तिसरा तर तिच्या नातवाच्या वयाचा होता, तो लांबूनच मान हलवायचा म्हणजे तिला उठता येई.

कायद्याचं निघालंच आहे तर सांगतो. पेन्शनच्या कागदावर 'मयत समजून' असे शब्द होते. आजीने चार वर्षं सही केली नाही. एका कार्यालयातल्या कारकुनाने सुनावलं, "बाई, सही नाही तर पैसा नाही, तुमचा नवरा काय आता येणार आहे?" ती उठून आली. घरात खायची भ्रांत होती, थोरल्या आजोबांनी पाय धरले तेव्हा सही केली. बसस्टँडवर उतरल्यावर तिने पिशवीतली करंडी काढून कपाळावर पुन्हा ताजं कुंकू लावलं, हे आत्याने बघितलं. आत्या तेव्हा अकरा वर्षांची, सोबतीला गेली होती.

मोरपंखी | मंगळवार, रात्री ९:०२

करंडीचं वाचून पुढे वाचवेना. थांबून पुन्हा आले.

घाटवळण | मंगळवार, रात्री १०:२०

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे बाइकवर तवांगला गेलो होतो. तिथलं युद्धस्मारक स्तूपाच्या आकाराचं आहे, आत काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कामेंग भागातल्या २,४२० जणांची नावं. पलटणीप्रमाणे लावलेली. नामका चू त्याच भागात येतं, त्यामुळे बापूआजोबांचं नाव तिथे असायलाच हवं. मी फोटो शोधतो.

वाटेत जसवंतगड लागतं. ४ गढवाल रायफल्सचे जसवंतसिंह रावत. त्यांचा बिछाना रोज घालतात, गणवेशाला इस्त्री करतात, बूट पॉलिश करून ठेवतात. तिथल्या जवानाने आम्हाला चहा दिला आणि "साहेब आराम करतायत" म्हणून हळू बोलायला लावलं. आमच्यातला एक जण एरवी कशावरही विश्वास न ठेवणारा. तो बाहेर आल्यावरही अर्धा तास कुजबुजतच बोलत होता, पेट्रोल पंपावर 'टाकी फुल करा' हेसुद्धा कानात सांगितलं त्याने 😊

तिठा | मंगळवार, रात्री १०:२६

पेट्रोल पंपावर कानात 😄 पण खरंय, अशा जागी आवाज आपोआप खाली येतो.

पश्चिम_आघाडी | बुधवार, सकाळी ८:१५

बेपत्ता म्हटल्यावर १९७१ चे ५४ कसे कोणाला आठवले नाहीत? फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोटवर त्यांचं सुखोई विमान पडलं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ साली नातेवाइकांबरोबर पाकिस्तानातले तुरुंग बघून आल्या. आपलं सरकार संसदेत आजही ८३ बेपत्ता, त्यात ५४ युद्धकैदी असा आकडा देतं, पाकिस्तान एकही नाही म्हणतं. आपण त्यांचे ९३ हजार सोडले! त्यावेळी बसलेल्यांनी जर...

व्यवस्थापक | बुधवार, सकाळी ८:४०

पश्चिम_आघाडी, त्यावेळी कोण बसलं होतं यावर वेगळा धागा काढा. इथला पुढचा भाग उडवला आहे. तांब्यांची माहिती राहू दिली आहे, ती या धाग्याची आहे.

पश्चिम_आघाडी | बुधवार, सकाळी ९:०५

मान्य. रागाच्या भरात वाहवलो. माझे वडील त्याच युद्धात होते, ते परत आले, त्यांचा दोस्त आला नाही. ५ डिसेंबर आला की वडील त्या दिवशी दाढी करत नाहीत. कारण कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सहदेव_भाडळी | बुधवार, दुपारी १२:३०

बाहेरच्या देशांत काय करतात ते सांगतो, मथळ्याला उपयोग होईल.

बेल्जियममध्ये ईप्रला मेनिन गेट आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं कमानीवर, त्यांत आपलेही शेकडो. १९२७ ला उद्घाटनात फील्ड मार्शल प्लमर तिथे जमलेल्या आयांना म्हणाले, "तो बेपत्ता नाही, तो इथे आहे." १९२८ पासून तिथे रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा होता तेवढाच खंड. फ्रान्समध्ये नव शापेलला खास हिंदुस्थानी फौजेचं स्मारक आहे, तिथे ४,७०० हून अधिक नावं.

पण सगळीकडे असं झालं नाही. इराकमधल्या बसराच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त माणसांची नोंद, त्यात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधले आपले लोक. तिथे गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदुस्थानी साध्या शिपायांचे फक्त आकडे, पलटणीगणिक. कबरींचं काम बघणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने २०२१ साली अहवाल काढून ही चूक कबूल केली. जोंधळा, तुमच्या चावडीवरची दोन आकड्यांची पाटी त्याच काळातली, त्याच मनोवृत्तीची. म्हणून तरुण मंडळाला माझा नमस्कार सांगा. नावं कोरायला घेतलीत हेच मोठं काम आहे. जमलं तर त्या पाटीवरच्या आकड्यांची नावंही शोधा.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण, नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४, इटलीत एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं मरण शंभर टक्के पाहिलेलं, तरी देह सापडला नाही. इटलीत कसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावला पुतळा.

रोखठोक | बुधवार, दुपारी २:१५

घाडग्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. देह नाही, तरी 'वीर' म्हणायला कोणी अडलं नाही.

सहदेव_भाडळी | बुधवार, दुपारी २:४०

त्यांना पडताना पाहिलं होतं, रोखठोक. बापूआजोबांना नाही. फरक तेवढाच आणि तोच सगळा.

अनुस्वार | बुधवार, संध्याकाळी ६:००

शब्दांबद्दल. 'शहीद' हा संरक्षण खात्याच्या कागदांत अधिकृत शब्दच नाही, हे सरकारने स्वतः सांगितलंय. तेव्हा मथळा म्हणजे दगडावरची रेघ आहे असं समजू नका, बदलता येतो. 'हुतात्मा' आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणीशी जास्त जोडलेला. 'धारातीर्थी' छान, पण त्यात पडणं गृहीत आहे. बखरीतला 'कामी आले' मला सगळ्यात आवडतो, त्यात फुशारकी नाही.

'बेपत्ता' मात्र दगडावर नको. पोलिसांच्या जाहिरातीतला शब्द आहे तो, अंगात कोणत्या रंगाचा शर्ट होता ते पुढे येतं. आणि या माणसाला पत्ता होता की. गाव होतं, घर होतं, ओट्यावर वाट बघणारी होती.

निवृत्त_सुभेदार | बुधवार, रात्री ९:१०

अनुस्वार, पत्ता होता हे बरोबर बोललात. फौजेत पत्ता म्हणजे नंबर. आशा धरायची म्हणून सांगत नाही, पण हे होतं. लान्स नाईक चंद्रशेखर हरबोला, १९ कुमाऊं, १९८४ च्या मे महिन्यात सियाचीनला हिमकड्याखाली गेले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जुन्या बंकरमध्ये सापडले. ३८ वर्षांनी. ओळख पटली ती चकतीवरच्या नंबरने. हवाई दलाचं एएन-१२, ७ फेब्रुवारी १९६८, चंडीगडहून लेहला जाताना १०२ जणांसकट रोहतांगजवळ गेलं. अवशेष २००३ ला दिसले, आणि २०२४ ला आणखी चार देह खाली आणले. ५६ वर्षांनी. अरुणाचलातल्या वालाँगला १९६२ चे एक डोग्रा जवान २०१० मध्ये दरड कोसळली तेव्हा निघाले, तेही चकतीवरून कळले.

म्हणून नावाबरोबर नंबर जरूर कोरा.

सुईदोरा | बुधवार, रात्री ९:३५

५६ वर्षांनी दार वाजतं आणि सांगतात सापडले. तेव्हा घरात ओळखणारं कोण उरलं असेल.

घाटवळण | गुरुवार, सकाळी ७:५०

फोटो मिळाला. सिग्नल्सचा पट्टा आहे, पण ग्रॅनाइट इतकं चकचकीत की मधोमध माझंच हेल्मेट आणि खिडकीचा उजेड उमटलाय. खालच्या चार ओळी त्यात गेल्या. वरच्या ओळींत तुमचं आडनाव नाही. वाईट वाटतंय, समोर उभा होतो आणि वाचलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्याग चक्रावर २५ हजारांवर नावं आहेत, त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतं. तिथे बघा. आणि मे महिन्यात आमचा दुसरा गट तवांगला जातोय, त्यांना ओळीन्‌ओळ वाचून यायला सांगतो.

जोंधळा | गुरुवार, रात्री ११:३०

घाटवळण, हेल्मेटचं मनाला लावून घेऊ नका. फोटो वडिलांना दाखवला. ते म्हणाले, त्या खालच्या चार ओळींतच असेल तो.

सुभेदार काका, नंबर शोधायला माळ्यावरची ट्रंक काढली. बापूआजोबांचं सामान मागून युनिटने पाठवलं होतं, त्यातली ही काळी ट्रंक. आजी त्यात लुगडी ठेवायची. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, नाव, सिग्नल्स. नंबरातले शेवटचे दोन आकडे कडीखाली घासून गेलेत. टॉर्च मारला, ओलं फडकं फिरवलं, नाहीच.

आत्याला फोन केला, तुला काही कागद आठवतो का विचारायला. तिने फोनवरच घडाघडा सगळा नंबर म्हणून दाखवला. पुढे 'केअर ऑफ ५६ एपीओ' हा लष्करी टपालाचा पत्तासुद्धा. मी म्हटलं तुला पाठ कसा? तर म्हणाली, "लिहायला येत होतं घरात मला. महिन्याला एक पत्र सांगायची काकू. मी दहावी होईपर्यंत लिहिली. परत यायची सगळी, ती पण तिने ठेवली होती."

वडिलांना ही पत्रं माहीतच नव्हती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आत्याला विचारलं, तू सांग काय लिहायचं.

निवृत्त_सुभेदार | शुक्रवार, सकाळी ६:१०

जोंधळा, तोच नंबर घालून जबलपूरला सिग्नल्सच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाक. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. इन्क्वायरीतल्या साक्षींचं काही शिल्लक असेल तर तिथेच. नातं स्पष्ट लिही, आत्यांची सही घे.

रोखठोक | शुक्रवार, सकाळी ८:२५

पत्रांचं वाचून मी माझा हट्ट सोडला. आत्या सांगतील ते कोरा. त्यांच्याइतका अधिकार इथे कोणाचा नाही.

जोंधळा | शुक्रवार, रात्री १०:०५

ठरलं. मंडळाच्या पोरांना सगळं सांगितलं, दोघांनी हा धागाच वाचला होता. मथळा आता 'आमच्या गावचे जवान'. पाच नावांपुढे ठिकाण, तारीख आणि 'कामी आले'. बापूआजोबांच्या नावापुढे नंबर, सिग्नल्स, 'नामका चू, २० ऑक्टोबर १९६२'. पुढे काही नाही. आत्या म्हणाली, तेवढंच खरं आपल्याला माहीत आहे.

जुनी पाटी काढून टाकायचं चाललं होतं, ती तिथेच राहणार. आकड्यांमागची नावं शोधायचं काम मी घेतलंय, त्यासाठी वेगळा धागा काढतो. सहदेव, तुम्हाला त्रास देणार आहे.

उद्या सकाळी आत्याला घेऊन दगडवाल्याकडे जातोय. कोरायच्या आधी तो खडूने लिहून दाखवतो, तिला नंबर स्वतः तपासायचाय.

सुईदोरा | शुक्रवार, रात्री १०:२०

खडूने लिहिलेल्याचाही फोटो काढून ठेव. आणि आत्यांना बसायला खुर्ची ने रे, दगडाच्या वखारीत उभं राहायला होत नाही.